मातामायचा गोल

साहेब एकदा म्हैस झाले होते.

खोटं वाटेल, पण मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. भर दुपारची वेळ, ब्रह्मपुरीहून गडचिरोलीच्या बाजूला जाणारा रस्ता, त्यावरचा एक फाटा, आणि आमचे उपअभियंता साहेब म्हशींच्या कळपात मान खाली घालून एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडताहेत. दोन्हीकडून ट्रकवाले हॉर्न मारमारून कान फोडताहेत आणि साहेब मान वर करत नाहीत, कारण म्हैस करत नाही. मी जीपजवळ उभी. बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच लागलेली, नवाकोरा ड्रेस घातलेली, आणि वाटत होतं की धरणीमायने पोटात घेतलं तर बरं. म्हशीवाल्याने हळूच जवळ येऊन विचारलं, "बाई, तुमच्या सायबाले बरं नाई काय जी?"

"त्यायले बरं आहे," मी म्हटलं. "आपल्यालेच बरं नाई."

पलीकडे पोचल्यावर साहेबांनी पँटला लागलेलं शेण झटकलं आणि तिकडूनच ओरडले, "बाई, मधात आलं का थांबावंच वाटते! म्हशीले मधात थांबाचं असते, आन आपण तिच्यासाठी मधात जागाच नाई ठेवली!"

नाव सांगत नाही. सांगितलं तर रागावतील, आणि त्यांचं रागावणं म्हणजे बाप्पा, दिवसभर चौकाचं व्याख्यान.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की साहेब जाहीर करत, "आज मी सायकल." झालं. दिवसभर जीपकडे बघायचेसुद्धा नाहीत. तालुक्याच्या बैठकीलासुद्धा पँटच्या पायाला कपडे वाळवायचे चिमटे लावून, घामाघूम होऊन, सायकलवरच. दुसऱ्या दिवशी "आज मी बैलगाडी", मग कुणाच्या तरी गाडीत तनशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर बसून यायचे आणि केसांतली तनस काढत बिलांवर सह्या करायचे. शिपायाने विचारायचं, "साहेब, आज कोण जी?" आणि त्याप्रमाणे चहा द्यायचा, कारण बैलगाडीला घाई नसते पण मोटरसायकलला चहा उभ्याउभ्या लागतो. पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन आईला म्हटलं, "माझी बदली कर म्हणून देवाला सांग." आई म्हणाली, "नवस बोलाले पैसे लागतेत. कर तिथीच नोकरी."

पण एक सांगते. एक दिवस साहेब "टोपलीवाली बाई" झाले. दुपट्ट्याची चुंबळ केली, टोपलीत कांदे भरले, डोक्यावर घेतले आणि निघाले रस्ता ओलांडायला. अख्खा बाजार हसायला गोळा झाला. साहेब रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि हललेच नाहीत. मला वाटलं घाबरले. मी जवळ गेले तर साहेब डोळे मोठे करून कुजबुजले, "मान वळत नाई! बाई, डोक्यावर ओझं असलं का मान वळत नाई! आन आपण पाटीवर लिवतो, दोन्ही बाजू पाहा आन मंग जा. कशी पाहीन ते? तिच्या डोयासमोरूनच गाडी याले पाह्यजे."

मी चार वर्षं कॉलेजात रस्ते शिकले. कुठल्याही पुस्तकात डोक्यावरचे कांदे नव्हते. त्या दिवसापासून मी बदलीचं नाव काढलं नाही.

गडचांदूरहून येणाऱ्या सिमेंटच्या गाडीत ते ड्रायव्हरशेजारी बसून आले, तेव्हा मात्र उतरल्यावर चेहरा पडलेला. नेहमीसारखी बडबड नाही. म्हणाले, "मी त्या ड्रायव्हरायले इतके दिवस शिव्या देत होतो ना, वापस घेतो. वरून खालचा माणूस दिसतच नाई. गाडीच्या बाजूले बाई उभी असन तं त्याच्यासाठी ते दुनियेतच नाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोघंही सच्चे हायेत आन दोघंही मरून राह्यले. मंग खोटा कोण? रस्ता!"

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता. चौक गोल पाहिजे. सिग्नलचं नाव काढलं की तोंड कडू करत. "लाल दिवा गेला का हिरव्याले मस्ती चढते," म्हणत. "सरळ येनाऱ्याले घमंड असते. त्याले वळाले लावा, घमंड उतरते. वळताना गाडी हळू होते आन तोंड माणसाकडं करते." आणखी एक वाक्य तर इतक्या वेळा ऐकलं की मला झोपेत म्हणता येईल: "रस्त्यावर मोठा कोण? ज्याले सगळ्यात जास्त लागते, तो."

घरीदारीही हाच धिंगाणा. पुतणीच्या लग्नात ब्रह्मपुरीला बफेची लांबलचक ओळ लावली होती. भातवाले इकडून, भाजीवाले तिकडून, मधे टक्कर, एका पाहुण्याच्या झब्ब्यावर अख्खी वाटी वरण. साहेबांनी जेवण थांबवलं. खरोखर थांबवलं! टेबलं गोल लावली, सगळ्यांना एकाच दिशेने फिरवलं, आणि जो आधीपासून गोलात आहे त्याला पहिले जाऊ द्या म्हणून पळी हातात घेऊन उभे राहिले. पंगत झरझर उरकली. फक्त नवऱ्या मुलाचे मामा बाहेर पडायची जागा न सापडल्याने गुलाबजामसमोरून पुन्हा पुन्हा फिरत राहिले, आणि त्यांची काही तक्रार नव्हती. मी काकूंकडे, म्हणजे साहेबांच्या बायकोकडे पाहिलं. काकू शांतपणे पान खात म्हणाल्या, "माह्या लग्नात सात फेरे झाले ना, तवापासून हा माणूस गोलच फिरून राह्यला."

आता त्या म्हशीवाल्या फाट्याचं सांगते. कारण साहेब म्हणजे तो फाटा आणि तो फाटा म्हणजे साहेब.

एका बाजूला गाव. दुसऱ्या बाजूला तलाव, शाळा आणि बाजाराची जागा. मधून मोठा रस्ता, आणि त्याला तिथेच येऊन मिळणारा आतल्या खेड्यांकडचा लहान रस्ता. जिथे दोन्ही मिळतात तिथे मोकळी पसरट जागा आणि जागेच्या बरोबर मधोमध मोहाचं म्हातारं झाड. झाडाखाली शेंदूर लावलेले दगड, ती गावाची मातामाय. गावातली निम्मी घरं तलावात जाळी टाकून पोट भरणारी. म्हणजे मच्छी धरायला रस्ता ओलांडा, विकायला ओलांडा, पोरं शाळेत जायला ओलांडणार, बाप शेतावर जायला. आणि त्या रस्त्याने कोळशाचे, सिमेंटचे, धानाचे ट्रक असे येत की जणू मागे कुत्रं लागलंय. दर वर्षी गावातल्या कोणाच्या ना कोणाच्या घरी त्या रस्त्यापायी रडणं असायचंच.

यावर वरून उपाय आला. आमचे मोठे साहेब, म्हणजे विभागाचे कार्यकारी अभियंता, नकाशा घेऊन फाट्यावर आले आणि मोहाच्या सावलीत गावाला समजावून सांगू लागले. रस्ता सरळ करायचा, मधे उंच दुभाजक घालायचा, एकही फट ठेवायची नाही. कोणी ओलांडणारच नाही तर मरणार कसा? पलीकडे जायचं असेल तर पार पेट्रोलपंपापर्यंत जाऊन वळून या. आणि हो, मोह मधे येतो, तो तोडावा लागेल. माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी पेपरात अपघाताची बातमी वाचून कंटाळला होता, हे मी जवळून पाहिलं आहे.

यमुनाबाई पुढे आली. मच्छी विकणारी, आवाज असा की तलावाच्या या काठावरून बोलली तर त्या काठावरचे बगळे उडतात. "साहेब," ती म्हणाली, "तुमी आमच्या घरात भिंत घालून राह्यले. माही चूल इकडं, माहं पाणी तिकडं. टोपली घेऊन पंपापर्यंत जाऊन वापस येईन तं मच्छी सडन नाई तं मी मरन. आन पोट्टे काय पंपापर्यंत जातीन? त्या भिंतीवरून उड्या मारतीन. आज गाडीखाली येतेत, उद्या उडी मारून गाडीखाली येतीन."

मोठे साहेब पुन्हा नकाशावर वाकले. तेव्हा आमचे साहेब मधे आले. त्या दिवशी ते काय होते कोण जाणे, खांद्यावर जाळं होतं. म्हणाले, "साहेब, झाड तोडू नोका. झाडाभोवती गोल करू. मले खर्च नोको, डांबर नोको. नुसती पोती मांडून दाखवतो. बाजाराच्या दिवशी या आन पाहा."

मोठ्या साहेबांनी त्या खांद्यावरच्या जाळ्याकडे पाहिलं. "बाजाराच्या दिवशी गाड्या तुंबल्या, तर दुसऱ्याच दिवशी दुभाजकाचं काम सुरू होईल," ते म्हणाले. "मग मात्र तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." साहेब म्हणाले, "नाई बोलत." साहेब बोलणार नाहीत, ही कल्पनाच मला करवेना. पण अट तीच ठरली. एक बाजार. त्यावर यमुनाबाईची वाट, पोरांची शाळा आणि ते झाड पणाला.

राइस मिलमधून धानाचा कोंडा आणला, पोत्यांत भरला, आणि अख्ख्या गावाने मिळून गोल मांडला. झाडाभोवती मोठा गोल, त्याच्या कडेने चपटी पोती, म्हणजे लांब गाडीचं मागचं चाक वर चढलं तरी बिघडत नाही. ज्या ज्या बाजूने गाडी येते तिथे रस्ता निमुळता आणि वाकडा केलेला, म्हणजे हळू झाल्याशिवाय आत शिरताच येऊ नये. आणि गोलाच्या थोडं अलीकडे, माणसांना ओलांडायच्या जागी, मुरमाचा उंचवटा आणि मधात थांबायला ओटा. एका वेळी एकाच बाजूची गाडी बघायची, ती पण समोरून येणारी, टोपलीखाली मान न वळवता दिसणारी. म्हैस थांबेल एवढी जागा ओट्यावर होती. मी स्वतः टेप धरून पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांचा मला फोन. "काय, कुठवर आलं?"

मी फाट्यावरच उभी होते. काय सांगणार, कपाळ? "साहेब," मी म्हटलं, "गोल गाईंनी खाल्ला."

पोतीच्या पोती फाडून गावच्या गाईंनी सगळा कोंडा फस्त केला होता आणि आता त्या गोलाच्या मधोमध बसून निवांत रवंथ करत होत्या. मी संतापाने लाल. साहेब मात्र त्या गाईंकडे कौतुकाने बघत म्हणाले, "पाहा बाई, जागा किती सुरक्षित वाटली त्यायले." पोत्यांत मुरूम भरून पुन्हा मांडणी केली. या वेळी कोणाला चाखता आली नाही.

आणि मग लटारीबाबा आले. गावातले म्हातारे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, पण काठीच्या जोरावर एकटे बाजारात जाऊन तंबाखू आणणारे. गावाला त्यांचा अभिमान. ते ओट्यापाशी उभे राहिले, कान दिला, आणि म्हणाले, "साहेब, तुमी माह्या पोटावर पाय देला."

साहेब चपापले. "काऊन गा बाबा?"

"पह्यले मले समजे. गाड्या याच्या, जाच्या, मंग शांत होये. शांत झालं का मी जाओ. आता तुमच्या गोलात गाडी फिरूनच राह्यते, फिरूनच राह्यते. शांतच होत नाई. थांबली का फिरली, मले कसं समजावं? डोयेवाल्यायसाठी गोल चांगला असन. माह्यासाठी दुभाजकच झाला."

साहेबांचं तोंड मी कधी इतकं उतरलेलं पाहिलं नव्हतं. कोणी मोठ्या माणसाने वाद घातला असता तर त्यांनी जीभ चालवली असती. पण बाबांचं खरं होतं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, डोळ्यांवर घट्ट बांधला, आणि म्हणाले, "आज मी लटारीबाबा."

मी ओरडले, "साहेब, वेड लागलं काय!" दंड धरला, तर झटकला. शेवटी मी एका बाजूला आणि दोन गाववाले दुसऱ्या बाजूला, असे आम्ही गाड्यांना हात दाखवत राहिलो आणि साहेब काठी टेकत मधात जाऊन उभे राहिले. ऊन डोक्यावर. कपाळावरून घाम ओघळतोय. गाड्या फिरताहेत. साहेब पाय उचलतात, मागे घेतात. पुन्हा उचलतात, पुन्हा मागे. मी त्या माणसाला कशालाही घाबरताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं, आणि मला रडू आलं. खरंच आलं, लपवत नाही. दुपट्टा सोडला तेव्हा डोळे लाल होते. "रस्ता मुका हाये, बाई," एवढंच म्हणाले. "रस्त्यानं बोलाले पाह्यजे."

उपाय यमुनाबाईच्या अंगणात सापडला. फाटकी, टाकून दिलेली जाळी पडली होती. साहेबांनी ती पिळून जाड दोर करवले, वर डांबर चोपडलं, आणि ओलांडायच्या जागेच्या अलीकडे रस्त्यावर आडवे ठोकले. एक पट्टा लांब, एक पट्टा अगदी जवळ. गाडी पहिल्यावरून गेली की थडथड. दुसऱ्यावरून गेली की पुन्हा थडथड. लटारीबाबा दिवसभर ओट्यावर बसून ऐकत राहिले, गाणं ऐकावं तसे. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, "समजलं. पह्यलं वाजलं आन दुसरं नाई वाजलं, म्हंजे गाडी माह्यासाठी थांबली." मग कोणाचा हात न धरता पलीकडे गेले. साहेबांनी पोरासारखी उडी मारली, ती मुरमाच्या पोत्यावर पडली आणि पाय मुरगळला, तो भाग वेगळा.

बाजाराचा दिवस उजाडला. मी देव पाण्यात घालून बसले होते. साहेबांना एकाच गोष्टीची काळजी होती. "लोक उलटे जातीन," ते म्हणत होते. "जवळ पडते म्हणून उजवीकडून घुसतीन आन टक्कर होईन."

पहिली आली ती ब्रह्मपुरीची काळीपिवळी जीप, माणसांनी टच्च भरलेली. गोलापाशी आली, हळू झाली, नीट डावीकडून आत शिरली, झाड उजव्या हाताला ठेवून फिरू लागली. आम्ही श्वास रोखला. जीप बाजाराच्या वळणापाशी आली... आणि बाहेरच पडेना! पुढे गेली. पूर्ण फेरी मारली. आत बसलेल्या सगळ्यांनी मातामायसमोर हात जोडले, मग कुठे जीप बाजाराकडे वळली. मागून मोटरसायकल आली, तिनेही पूर्ण फेरी. धानाचा ट्रक आला. ट्रकवाल्याने फेरी मारली आणि वर हॉर्नही वाजवला, देवळातली घंटा वाजवावी तसा. एक नवं लग्न झालेलं जोडपं तर स्कूटीवर फिरायलाच लागलं, थांबायचं नावच घेईना.

माय वो! मातामायला प्रदक्षिणा! देवीचं ठाणं मधात ठेवून गोल रस्ता केलेला, आणि त्यातून अर्धीच फेरी मारून बाहेर पडायचं? कोणाची हिंमत होणार? आमच्याकडे अर्धी प्रदक्षिणा घालून कोणी जात नाही. आम्ही दोघंही याच मातीतले, आणि दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

गाड्या तुंबायला लागल्या. आधी थोड्या, मग लांबच लांब रांग, आणि त्या रांगेत, बघते तर काय, मोठ्या साहेबांची पांढरी गाडी. माझी पाचावर धारण बसली. मी साहेबांकडे धावले. "साहेब, संपलं! ते येऊन राह्यले, आणि सगळं तुंबलं!"

साहेब ओट्यावर उभे राहून चक्क आनंदाने टाळ्या वाजवत होते. "बाई, पाहा ना! एक तरी उलटा गेला काय? एक तरी? मातामायले उलटी फेरी कोण मारन? जे शिकवाले मले वर्ष लागलं असतं, ते तिनं एका सकाळी शिकवलं!"

"अहो पण बाहेर कोण काढणार यांना?" मी किंचाळले. राग माझ्या नाकावरच असतो, त्या दिवशी तो मावेना. मी स्वतः गोलात घुसले, एका टेम्पोवाल्याला म्हटलं, "भाऊ, अर्ध्यातून वळ!" तो म्हणाला, "तुमी म्हनता तं वळतो बाई, पण काई झालं तं मातामायले तुमी सांगसान काय?"

तेवढ्यात यमुनाबाई आली. डोक्यावर टोपली, कमरेवर हात. तिने रांग पाहिली, पांढरी गाडी पाहिली, आणि तिला सगळं कळलं. ती उंचवट्यावर उभी राहिली आणि तिने जो आवाज काढला, तसा मी पुन्हा ऐकला नाही.

"काय गा ए! चपला घालून फेरी मारून राह्यले काय मायले? लाज नाई? गाडीत बसून, पायात बूट, तोंडात खर्रा, आन म्हने प्रदक्षिणा! हे फेरी मायले पोचते काय? पाप लागते, पाप! गाडीतून नुसते हात जोडा आन आपल्या वाटेनं लागा. ज्याले फेरी माराची असन त्यानं गाडी तिकडं लावावी, चप्पल काढावी आन पायी यावं!"

क्षणभर सगळं थांबलं. मग ट्रकवाल्याने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा पचकन थुंकला, आणि हात जोडून मुकाट आपल्या वळणाने बाहेर पडला. त्याच्यामागे टेम्पो. त्याच्यामागे स्कूटीवाले, नवरी खाली मान घालून. आणि बाप्पा, गोल सुटला! गाड्या येत होत्या, हळू होत होत्या, वाकत होत्या, हात जोडत होत्या, निघून जात होत्या. कोणी थांबत नव्हतं, कोणी पळत नव्हतं. शाळेच्या पोरी सायकली हातात धरून ओट्यावर आल्या आणि समोरची लांबलचक गाडी आपणहून थांबली. बैलगाडी आली तर तिच्यामागे अख्खी रांग बैलाच्या चालीने चालली.

मोठे साहेब रांगेतून सुटून गावाच्या बाजूला गाडीतून उतरले. आम्ही पलीकडे, बाजाराच्या बाजूला. ते उंचवट्यापाशी येऊन उभे राहिले. एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. आयुष्यभर रस्ते बांधले, पण जीपमधून. अशा रस्त्यावर पायी उभं राहायची त्यांना सवय कुठून असणार? गाडी आली, ते थबकले. गाडी थांबली, तरी ते थबकलेलेच, त्यांचा विश्वासच बसेना की सिमेंटचा ट्रक माणसासाठी थांबतो.

त्यांच्या शेजारी लटारीबाबा तंबाखू आणायला निघाले होते. त्यांनी कान दिला. मग हात लांब करून चाचपडलं, मोठ्या साहेबांचं मनगट सापडलं, ते धरलं.

"चला जी," बाबा म्हणाले. "भेऊ नोका. दुसरं वाजलं नाई."

आणि आंधळ्या म्हाताऱ्याने आमच्या कार्यकारी अभियंत्याला हाताला धरून रस्ता ओलांडून दिला. मधात ओट्यावर थांबले, बाबांनी पुन्हा कान दिला, पुन्हा निघाले. अख्खा बाजार बघत होता. मोठे साहेब आमच्यापर्यंत पोचले तेव्हाही त्यांनी बाबांचा हात सोडला नव्हता. ते आमच्या साहेबांकडे वळले. म्हणाले, "झाड तोडायचं नाही. गोल पक्का करा. आणि ते दोर... ते दोर पण."

मी इतक्या जोरात "जिंकलो!" ओरडले की शेजारच्या भाजीवाल्याने दचकून तराजू सोडला. यमुनाबाईने टोपलीतली सगळ्यात मोठी मच्छी काढून मोठ्या साहेबांच्या हातात दिली. तडफडणारी मच्छी आणि इस्त्रीचा शर्ट, बघण्यासारखं होतं. साहेब मात्र झाडाखाली जाऊन बसले आणि ओंजळीत तोंड घालून ढसाढसा रडले. काकूंना फोन लावून दिला तर त्यांच्याशीही बोलता येईना. काकूच तिकडून म्हणाल्या, "समजलं मले. या घरी."

गोल पक्का झाला. दोरांच्या जागी खडबडीत दगडाचे पट्टे आले, आवाज तोच. तेव्हापासून त्या रस्त्यापायी गावात कोणाच्या घरी रडणं झालं नाही. काही वर्षांनी साहेबांचा निरोप समारंभ झाला, हार झाले, शाल झाली. पण त्यांनी ते मनावर घेतलंच नाही. आजही रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या चौकात जाऊन बसतात, आणि काकू विचारतात, आज कोण?

परवा मी त्या फाट्यावरून जात होते. यमुनाबाई रस्त्याच्या मधात दिसली. ओट्यावर नाही, थेट उंचवट्यावर, टोपली कमरेवर घेऊन दुसऱ्या बाईशी लेकीच्या बाळंतपणाच्या गप्पा मारत उभी. दोन ट्रक मुकाट थांबलेले. मी गाडीतून ओरडले, "यमुनाबाई, बाजूला हो ना! गाड्या खोळंबल्या!"

तिने वळून बघितलंसुद्धा नाही. "खोळंबू दे," म्हणाली. "रस्ता का त्याईच्याच बापाचा हाये?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि शब्दन् शब्द सांगितला. पलीकडून साहेबांचा आवाज आला, हसरा आणि भिजलेला.

"बाई," ते म्हणाले, "आता झालो मी रिटायर."